खुलासा : कागदावरचा डाग आणि तेलाची शुद्धता

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरतोय : ‘लॅव्हेंडर, लवंग, कुठल्याही सुगंधी तेलाचा थेंब कागदावर टाका, डाग उरला नाही तर तेल नैसर्गिक, उरला तर भेसळ.’ हे खरं नाही. लॅव्हेंडरच्या वासातलं एक मुख्य द्रव्य म्हणजे लिनालूल; कारखान्यात बनवलेलं लिनालूलही डाग न ठेवता उडून जातं. फरक गॅस क्रोमॅटोग्राफीत (तेलाची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत) कळतो, तोही खास कॉलम (वाफ जिच्यातून जाते ती नळी) वापरला तरच : लिनालूलचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात, लॅव्हेंडरमध्ये बहुतेक एकच प्रकार, कृत्रिमात दोन्ही निम्मे-निम्मे. साध्या कॉलमवर ते वेगळे होतच नाहीत. आणि लवंगतेल? त्यातलं मुख्य द्रव्य युजेनॉल सुमारे २५४ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून शुद्ध तेलाचाही डाग बराच वेळ रेंगाळतो. कृपया एवढ्यावरून सियागंजातल्या कुणा दुकानदाराला खोटं ठरवू नका.