दोर सोडा, फ्रेम धरा

आंब्याची शेवटची पेटी वाशीला गेली, चाकरमानी परतले, की कोकणातल्या फोटोग्राफरला पूर्वी काम नसायचं. बिचारा स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटो काढत गणपतीची वाट बघायचा. आता ती लाचारी संपली. मोबाइलला कॅमेरा आहे, कॅमेऱ्याला यूट्यूब चॅनल आहे, आणि 'प्रतिनिधी' असं छापलेलं ओळखपत्र कुठलाही झेरॉक्सवाला लॅमिनेट करून देतो. तुम्हीही या धंद्यात उतरायचं म्हणत असाल तर वेळ उत्तम आहे. हंगाम तोंडावर आलाय.

हंगामाचं पंचांग आधी पाठ करा. ३ जूनला निसर्ग वादळ (२०२०), २ जुलैला तिवरे धरण (२०१९), १९ जुलैला इरशाळवाडीची दरड (२०२३), २२ जुलैला तळियेची दरड आणि त्याच दिवशी चिपळूणचा पूर (२०२१), २८ जुलैला आंबेनळी घाटातली बस (२०१८), २ ऑगस्टला सावित्रीचा पूल (२०१६). म्हणजे पेरणीपासून नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडेपर्यंत तुम्हाला सवड नाही. विचार करा, १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि किनाऱ्यावर एकाच्याही हातात मोबाइल नाही! केवढा कंटेंट वाया गेला. अलिबाग-रेवसकडच्या घरांतून अजून त्या बोटीचं नाव निघतं, पण नुसतं तोंडी. व्ह्यूज शून्य.

सामान फार लागत नाही. रेनकोट, दोन पॉवर बँक, लेन्स पुसायला जुना पंचा, आणि गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत 'प्रेस'. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. परशुराम घाटात दरड आली की रुग्णवाहिकेच्या मागेमागे गाडी काढायची. तिला वाट मिळाली की तुम्हालाही मिळते. जागेवर पोचल्यावर मात्र तिच्या पुढे लावा. स्ट्रेचर आत ढकलतानाचा शॉट समोरून मिळतो. ड्रायव्हर ओरडेल. त्याचंही फुटेज घ्या, 'माध्यमांची मुस्कटदाबी' म्हणून चालवता येतं.

आता मुख्य धडा. समजा तुम्ही मालवणकडच्या एखाद्या किनाऱ्यावर उभे आहात. जूनचा दर्या, लाल बावटा लागलेला, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. घाटावरून आलेला पोरांचा घोळका त्या बावट्यापाशीच सेल्फी काढतो आणि पाण्यात उतरतो. त्यातला एक ओढला जातो. होडीच्या सावलीत बसलेले चार-दोन लोक ट्यूब आणि दोर घेऊन धावतात, आणि त्यांच्यातला एक म्हातारा तुमच्याकडे बघून ओरडतो, "रे मेल्या, तो मोबाइल खिशात घाल आणि दोराक हात लाव!"

गडबडू नका. हात दोनच आहेत, आणि दोर धरला तर फोन धरता येत नाही. शिवाय दोर धरलेल्या माणसाचा फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी चॅनलवर जातो, ही तर सरळसरळ धंद्यातली नुकसानी. म्हाताऱ्याला शांतपणे सांगा, "काका, मी मीडियाचा." गुडघाभर पाण्यात उतरायला हरकत नाही, पण अँगलपुरतं.

याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो खरा आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. दोराला आधीच दहा माणसं लागली असतील तर अकरावा तिथे अडचणच. त्याने मागे सरून फोटो काढला, किनाऱ्यावर जीवरक्षक का नव्हता हे दिसेल असा काढला, तर पुढच्या वर्षी बुडणारा एखादा वाचू शकतो. जगातले चांगले वृत्तछायाचित्रकार याच हिशोबावर काम करतात आणि तो हिशोब त्यांना रात्रीची झोप लागू देत नाही. तुम्ही त्यातलं झोपेचं सोडा, हिशोब तेवढा उचला. दोराला दोनच माणसं असतील तेव्हाही हाच ठोकायचा.

तरीही कुणी फार टोचून बोललंच तर परदेशी नावं तयार ठेवा. दक्षिण आफ्रिकेचा छायाचित्रकार केव्हिन कार्टर सर्वांत सोयीचा. १९९३ सालचं सुदान, भुकेनं वाकलेलं मूल, मागे गिधाड. १९९४ मध्ये पुलित्झर आणि त्याच वर्षी जुलैत आत्महत्या. कार्यशाळेत ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचा. 'फोटो काढला पण मुलाला उचललं नाही, त्या अपराधाने मेला,' असं एका वाक्यात संपवायचं. त्याने नंतर गिधाडाला हाकललं होतं, रोगराईमुळे तिथल्या माणसांना हात लावू नका असं पत्रकारांना सांगितलेलं होतं, ते मूल तेव्हा वाचलं होतं हे पुढे कळलं, हे तपशील सांगत बसू नका. गोष्ट पातळ होते. कोलंबियातल्या आर्मेरोचंही तसंच. १९८५ मध्ये ज्वालामुखीनंतर चिखलपाण्यात अडकलेली तेरा वर्षांची मुलगी, सुमारे साठ तास. पाणी उपसायला पंप मिळत नव्हता. फ्रँक फूर्निएने तिचा फोटो काढला, जगभर छापून आला, आणि लोकांनी विचारलं, तू तिला बाहेर का नाही काढलंस? पंप का नव्हता, हे त्या फोटोने विचारायला लावलं, हा त्याचा मोठेपणा. तुम्हाला त्यातला पंप नको, मुलगी हवी.

रडणारी माणसं कशी मिळवायची हे मात्र शिकावं लागतं. तळियेत डोंगर खाली आला तेव्हा पुराने रस्ते तुटले होते, मदत पोचायला वेळ लागला, आणि तोवर गावातल्यांनीच हातांनी माती उपसली. अशा गावात शिरताना थेट चिखलाकडे धावू नका. आधी बायका कुठे बसल्यात ते बघा. एखादी आजी खांबाला टेकून नुसतीच बघत बसलेली असते, रडत नाही, बोलत नाही. हे चालत नाही. तिच्या तोंडापुढे माइक धरून विचारा, "आजी, घरात किती जण होते?" ती बोटं मोजायला लागते. दुसऱ्या हातापर्यंत पोचली की तिचा आवाज फुटतो, आणि तुम्ही झूम तयार ठेवलेला असतो.

आजूबाजूला लहान मुलाची चप्पल, चिखलात माखलेली वही, बाहुली असं काही मिळतंय का तेही बघून ठेवा. चार पावलांवर असेल तर पायाने जरा अलीकडे सरकवायची. नावाजलेल्या स्पर्धांत असल्या मांडणीवर फोटो बाद होतो म्हणे. आपल्याला कुठे स्पर्धेला पाठवायचाय?

नाव मात्र चुकूनही विचारू नका. 'आक्रोश करताना महिला' एवढं पुरतं. नाव विचारलं की घर कळतं, घर कळलं की पुढच्या महिन्यात फोन करावासा वाटतो. फोटोच्या कोपऱ्यात तुमचं नाव मात्र ठळक हवं. वॉटरमार्क मृतदेहावर टाकायची वेळ आली तर छातीवर टाका, तोंड झाकलं जाता कामा नये. का, ते ऐका. पोलिसांचा पंचनामा होऊन, तलाठी येऊन, नातेवाइकांना निरोप जाईपर्यंत दुपार होते. तुमचा फोटो 'गाव आपला, माणसं आपली' ग्रुपवर सकाळी सातलाच पडलेला असतो. नालासोपाऱ्यातली बहीण लोकलमध्ये उभ्या उभ्या तो उघडते आणि शर्टावरून भावाला ओळखते, कारण तो शर्ट तिनेच गेल्या दिवाळीला घेऊन दिलेला असतो. सरकारी यंत्रणेच्या आधी बातमी पोचवल्याबद्दल तुमचा सत्कार व्हायला हवा, पण लोक कृतघ्न असतात.

आणि एक पथ्य कडक पाळा. घटना घडण्याआधी कधीही फोटो काढायचा नाही.

महाडचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल ब्रिटिशांच्या काळातला. तो पडला त्याच वर्षीच्या, २०१६ च्या मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित ठरला होता, असं सरकारनेच नंतर सांगितलं. समजा, त्या मे महिन्यात तुम्ही पुलाखाली उतरून दगडांचे सांधे टिपले असते आणि मुंबईला चॅनलच्या डेस्कवर पाठवले असते. फोन आला असता.

"हे काय पाठवलंयस?"

"पूल."

"पडला?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला आजवर कुठल्याही स्ट्रिंगरला, म्हणजे चॅनलच्या बिनपगारी बातमीदाराला, उत्तर देता आलेलं नाही. त्याला क्लिपमागे पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं, आणि न पडलेल्या पुलाची क्लिप चालत नाही. २ ऑगस्टच्या रात्री पूल पडला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसांनी त्या पावसात, काळोखात महामार्गावर येऊन मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्याचा फोटो नाही, आणि नसणारच, कारण तिथल्या सगळ्यांचे हात गाड्या थांबवण्यात गुंतले होते. फोटो आहेत ते दुसऱ्या दिवसापासूनचे: हेलिकॉप्टर, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग, आणि गाड्या शोधायला नदीत सोडलेलं ३०० किलोचं लोहचुंबक. चुंबकाचे शॉट छान मिळाले, हे मान्य करायलाच हवं. डेस्कवरून कुणी 'मग?' म्हणालं नाही. "रडारड आहे का? बाइट घे, फोनो दे, लाइव्ह ये," एवढंच.

तिवऱ्याचीही तीच गत. धरण गळतंय म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याचा फोटो म्हणजे ओल्या भिंतीचा फोटो, तो कोण बघतो? धरण फुटून माणसं वाहून गेली, आणि त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं. लोक भडकले, निषेधाला खेकडे घेऊन गेले, आणि खेकड्यांचे फोटो महाराष्ट्रभर झळकले. कोकणातल्या माणसाने खेकडा आयुष्यभर खाल्लेला असतो, पण तो धरणही खातो हे त्याला त्या आठवड्यात कळलं. गळतीचा जुना फोटो तेव्हा कुणाकडे असता तर मंत्र्यांना एवढं मोकळेपणाने बोलता आलं नसतं. आपल्यामुळे कुणाची अडचण झाली नाही, हे समाधान थोडं नाही. इरशाळवाडी तर दरडीचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीतच नव्हती, असं सांगण्यात आलं. यादीचा फोटो काढायला कुणी जात नाही. यादी रडत नाही.

दुसरं पथ्य: परत जायचं नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघा छायाचित्रकारांनीही पुरल्या जाणाऱ्या त्याच एका अनोळखी बाळाचा चेहरा टिपला. तो फोटो काढायला नको होता, असं म्हणणारा शोधून सापडायचा नाही. आजही भोपाळ म्हटलं की तो चेहरा पुढे येतो आणि कंपनीला झाकता येत नाही. पण रघु राय बऱ्याच वर्षांनी पुन्हा भोपाळला गेले, वाचलेल्या आणि झिजत चाललेल्या माणसांचे फोटो काढायला. असले नाद लावून घेऊ नका. दरड पडून दोन वर्षं उलटली तरी तळियेतली माणसं कंटेनरच्या घरांत राहत होती. दुपारी पत्रा तापला की माणूस दाराबाहेर येऊन बसतो, आणि यात बघण्यासारखं काय आहे? वर्धापनदिनाला जाऊन एक फेरी मारा, मेणबत्त्यांचा फोटो घ्या, जेवणाच्या आधी निघा.

अमेरिकेतल्या वृत्तछायाचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम आहे: माणसाच्या खासगी दुःखात तेव्हाच घुसा, जेव्हा ते पाहणं लोकांसाठी खरोखरच गरजेचं असेल. कलम सोपं आहे. गरज होती की नव्हती हे रात्री व्ह्यूज मोजून ठरवायचं. आणि तुम्ही, जे धंद्यात न पडता नुसतेच बघणार आहात, तुम्हीही इथे उपरे नाही. 'हृदयद्रावक, कमकुवत मनाच्यांनी पाहू नये' असं लिहून चार ग्रुपवर पुढे ढकलायचं काम शेवटी तुम्हीच करता. हात जोडल्याची खूण टाकायला विसरू नका. तीन टाका.

एवढं सगळं जमलं तरी एखाद्या दिवशी फोन येईलच. चिपळूणहून, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतून. पुरात घरातलं सगळं गेलं, अल्बमही गेले, आमच्या ह्यांचा एकच फोटो राहिलाय, तुम्ही काढलेला, कौलांवर बसलेले असताना, शेवटचा. तेवढा जरा मोठा करून मिळेल का, वरची ती अक्षरं पुसून? तुमचं नाव तिला फोटोवरच मिळालेलं असतं. तिचं तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतं, आताही विचारू नका. सांगा, फोटोचे हक्क चॅनलकडे आहेत, मुंबईला मेल टाका, मेलमध्ये फोटोचा क्रमांक लिहा. क्रमांक कुठे मिळेल, असं ती विचारेल. तेव्हा "हॅलो, हॅलो" करत फोन ठेवा. आपल्याकडे पावसात रेंज जाते, हे तिला माहीत आहे.