हवा, मजबुती आणि गोठण: एका प्रतिक्रियेला उत्तर

गोठणाऱ्या थंडीत काँक्रीटचे रस्ते फुटू नयेत म्हणून रसायन घालून त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. व्हायब्रेटरने (ओले काँक्रीट थरथरवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राने) काँक्रीटमधली हवा काढायची आणि रसायन घालून तीच पुन्हा भरायची हा विरोधाभास आहे, त्यापेक्षा सिमेंट वाढवावे, असा आपला आक्षेप आहे. हवायुक्त काँक्रीटच्या आपल्या रस्त्याचेही दुसऱ्याच हिवाळ्यात पोपडे निघाले, असे आपण लिहिले आहे. दर एक टक्का हवेमागे दाबसामर्थ्य (दाब सहन करण्याची ताकद) साधारण पाच टक्क्यांनी घटते हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ते माझ्या लेखात यायलाच हवे होते.

तरीही सिमेंट वाढवण्याचा उपाय मला पटत नाही. व्हायब्रेटरने निघतात त्या खडीखाली अडकलेल्या मोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्या. रसायनाने तयार होतात ते गोल, अतिसूक्ष्म बुडबुडे, जे कापून घासलेल्या तुकड्यावर भिंगाखाली टाचणीने टोचल्यासारखे दिसतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि जवळ मोकळी जागा नसेल तर त्याचा दाब सिमेंटच्या लगद्यावर येतो. म्हणून लगद्यातल्या कोणत्याही बिंदूपासून बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. पाण्याने पुरते भिजलेले मजबूत काँक्रीटही अशा जागेअभावी फुटू शकते. १९३०च्या दशकात अमेरिकेतले काही रस्ते इतरांपेक्षा चांगले टिकले, तेव्हा त्यांचे सिमेंट दळताना चरबी वापरल्याने काँक्रीटमध्ये नकळत हवा भरली गेल्याचे आढळले होते.

आता आपल्या पोपड्यांविषयी. माझा पहिला संशय थापीवर आहे. पृष्ठभाग लवकर सुकू लागला की कारागीर पाण्याचा शिडकावा करून थापी फिरवतो, त्याने चकाकी येते, पण वरच्या काही मिलिमीटरांत पाणी वाढते आणि हवा निघून जाते. आतले पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) ०.४५ इतके कमी असले तरी त्या थराला त्याचा उपयोग नसतो, आणि बर्फ वितळवायला टाकलेले मीठ नेमके तिथेच बसते. शिवाय हवा मिक्सरपाशी मोजून भागत नाही. पेव्हर (काँक्रीट पसरवून रस्ता घडवणारे यंत्र) आणि व्हायब्रेटरमधून जाताना ती घटते, म्हणून पेव्हरच्या मागूनही नमुना घ्यावा.

आपण एक कोअर (रस्त्यातून कापलेला दंडगोल नमुना) काढून पाहावा, ही विनंती. नुकसान वरच्या पापुद्र्यापुरतेच असेल, तर दोष बहुधा फिनिशिंगचा (पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा) किंवा क्युरिंगचा (काँक्रीट ओलसर ठेवून पक्के होऊ देण्याचा) असेल. सांध्यांना समांतर बारीक भेगा तळापासून वर येत असतील, तर मात्र खडी बदलावी लागेल. पाणी शोषून फुटणाऱ्या खडीवर बुडबुड्यांचा इलाज चालत नाही.