मेलव्हिलला समीक्षकांनी मारलं नाही

भाचीची पहिली कादंबरी लिहून झाली आहे. एका जाणत्या बाईंनी ती वाचली आणि समासात भरपूर पेन्सिल चालवून परत पाठवली. त्या खुणांकडे धड बघण्याआधीच भाचीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि वर लिहिलं, ‘मामा, हे वाच. मेलव्हिललाही असंच म्हणाले होते.’ हा मजकूर मी सोसायटीच्या ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. आता तो घरात शिरला, म्हणून लिहितो.

मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिलची “मोबी-डिक” ही कादंबरी १८५१ साली आली तेव्हा एकजात सगळ्या समीक्षकांनी तिला कचरा म्हटलं. जेमतेम ५०० प्रती खपल्या. त्याने लेखणी टाकली, कारकुनी पत्करली आणि तो उपाशीपोटी मेला. पेपरने मृत्यूच्या बातमीत नावसुद्धा “हेन्री मेलव्हिल” असं छापलं. सत्तर वर्षं त्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही. मग जगाला अचानक साक्षात्कार झाला. म्हणून टीकाकारांकडे लक्ष देऊ नका.’ खाली मेलव्हिलचं एक वाक्य: नक्कल करून यश मिळवण्यापेक्षा स्वतःचं काही करताना अपयश आलेलं बरं.

‘एकजात सगळ्या समीक्षकांनी’ यातच खरी गंमत आहे, आणि फॉरवर्डवाल्याला तिचा पत्ताच नाही.

कादंबरी आधी लंडनमध्ये निघाली. १८ ऑक्टोबर १८५१, प्रकाशक रिचर्ड बेंटली, नाव ‘द व्हेल’, तीन खंड. अमेरिकेत हार्पर अँड ब्रदर्सने ती १४ नोव्हेंबरला ‘मोबी-डिक’ नावाने काढली. ज्यांनी वाचली आहे त्यांना शेवट ठाऊक असेल. देवमासा पीकॉड जहाज बुडवतो, कॅप्टन एहॅबसकट सगळे जातात, उरतो एकटा इश्माएल, म्हणजे गोष्ट सांगणारा. त्याच्या मित्रासाठी, क्वीक्वेगसाठी, जहाजावर शवपेटी बनवलेली असते. मित्र बरा होतो, तेव्हा तीच पेटी फटी बुजवून जहाजाच्या मागे तरंगता आधार म्हणून टांगलेली असते. जहाज बुडाल्यावर ती पाण्यातून उसळून वर येते. तिला धरून इश्माएल एक दिवस आणि एक रात्र तरंगतो आणि मग रेचेल नावाचं जहाज त्याला उचलतं. इश्माएल वाचतो हे कुठे आहे? छोट्याशा उपसंहारात. आणि लंडनच्या आवृत्तीत तो उपसंहारच नव्हता.

आता त्या इंग्रज वाचकाच्या जागी बसून बघा. तीन खंड एक माणूस ‘मी, मी’ करत गोष्ट सांगतो आणि शेवटच्या पानावर सगळे बुडतात. मग सांगितलं कुणी? लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाने २५ ऑक्टोबरला नेमकं हेच धरलं. लेखकाला जे कळणं शक्यच नाही ते कादंबरीत घालू नये असा काहींचा दंडक आहे, खाणीत सगळे कामगार गाडले गेले तर त्यांचं आपसातलं बोलणं तुम्ही कसं देणार, आणि मेलव्हिलसाहेबांना हा नियम काही धड पाळता आलेला नाही, अशा अर्थाचं ते लिहितात. त्याच तारखेच्या ‘अथेनियम’ने तर पुस्तकाला झोडपलंच. शेवट घाईघाईत, लेचापेचा आणि अस्पष्ट उरकला आहे, ही त्यातली एक तक्रार. अस्पष्ट असणारच! पानं छापलीच नव्हती. ‘स्पेक्टेटर’चा हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता, हातातल्या प्रतीबद्दल तो अगदी रास्त होता. घोळ पुस्तक छापून बाहेर काढणाऱ्यांचा, आणि पावणेदोनशे वर्षं शिव्या खातोय समीक्षक.

खरा राग यायचा तर बोस्टनच्या पेपरांचा यावा. उपसंहार असलेली अमेरिकन प्रत बाजारात आली होती, तरी तिथे लंडनच्या ‘अथेनियम’चा निकाल उतरवून छापला गेला. न वाचता पुढे ढकलायची सवय व्हॉट्सअॅपने लावली असं कुणी समजू नये.

शिवाय ‘एकजात’ हाही खोटेपणाच. लंडनच्याच ‘मॉर्निंग अॅडव्हर्टायझर’ने आणि ‘जॉन बुल’ने पुस्तकाची मनापासून स्तुती केली, तीसुद्धा शेवट नसलेली प्रत वाचून. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चं मत अनुकूल होतं. ‘हार्पर्स’ मासिकानेही वाखाणलं, पण ते प्रकाशकाचं घरचंच मासिक, ते धरू नका. मेलव्हिलचा मित्र असलेल्या डायकिंकने ‘लिटररी वर्ल्ड’मध्ये दोन हप्त्यांत थोडं गोड, थोडं कडू लिहिलं. धर्माची थट्टा काही जणांना खटकली. कुठल्याही धाडसी पुस्तकाच्या वाट्याला येतं तेच. मेलव्हिलची खरी धिंड निघाली पुढच्या वर्षी, ‘पिएर’ या पुढच्या कादंबरीवरून. ‘हर्मन मेलव्हिल वेडा’ असा सरळ मथळा न्यूयॉर्कच्या ‘डे बुक’ने सप्टेंबर १८५२ मध्ये दिला. फॉरवर्डवाल्याला हे सापडलं असतं तर त्याने त्याचं सोनं केलं असतं. पण ‘पिएर’ आजही मेलव्हिलच्या भक्तांना नेटाने संपवावी लागते, त्यामुळे त्याचा दाखला देऊन कुणाची हिंमत वाढणार नाही.

५०० हा आकडा? बेंटलीने लंडनमध्ये तेवढ्या प्रती छापल्या होत्या. हार्परची पहिली आवृत्ती २,९१५ प्रतींची होती. इथे मात्र नाइलाजाने मान्य करतो की पुस्तक पडलं. मेलव्हिलच्या हयातीत अमेरिकेत त्याच्या साधारण ३,२०० प्रती गेल्या आणि त्याला त्यातून साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळाले. १८४६ च्या ‘टायपी’ या पहिल्याच पुस्तकाने ज्याला एकदम प्रसिद्धी दिली होती, त्याला हे लागलं नसेल असं कोण म्हणेल?

लेखणी टाकली हे मात्र साफ खोटं. त्यानंतर ‘बार्टलबी’ ही कथा आली, आणखी कादंबऱ्या आल्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या कविता आल्या, १८७६ साली ‘क्लॅरेल’ हे अवाढव्य काव्य आलं, आणि तो गेला तेव्हा ‘बिली बड’चं हस्तलिखित चालू होतं. कारकुनीही नव्हे. १८६६ ते १८८५ तो न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षक होता, रोज चार डॉलरवर. उपाशी? सासरे मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश, आणि उतारवयात बायकोकडे आलेल्या वारशावर त्याने नोकरी सोडली. १८९१ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सव्वीसाव्या रस्त्यावरच्या घरात वारला. पुढे चला.

‘हेन्री’ची कथा ऐकीव आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्रोटक बातमीत माणसाचं नाव बरोबर होतं, पुस्तकाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक होती. काही दिवसांनी आलेल्या आठवणीवजा लेखाच्या मथळ्यात मात्र ‘हायरम मेलव्हिल’ छापलं गेलं, तेवढा अर्धा गुण देतो. आणि लोक त्याला विसरले होते हेही खरंच. त्याच पेपरने तेव्हा लिहिलं की आजच्या पिढीला या माणसाचं नावही फारसं माहीत नाही.

आता ते वाक्य. वाक्य अस्सल आहे. पण ते ‘मोबी-डिक’ पडल्यावर दुखावलेल्या लेखकाने लिहिलेलं नाही, ते आहे ऑगस्ट १८५० मधलं, कादंबरी हाताखाली असतानाचं. आणि ते कशात आहे? पुस्तक परीक्षणात! नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथासंग्रहावर मेलव्हिलने टोपणनावाने ‘लिटररी वर्ल्ड’मध्ये लांबलचक परीक्षण लिहिलं, त्यातलं हे वाक्य. म्हणजे टीकाकारांना हाकलून लावायला हे लोक एका टीकालेखातलं वाक्य वापरतात. ‘मोबी-डिक’ त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली. ज्याच्यावर परीक्षण लिहिलं त्यालाच. भाचीने एवढं जरी वाचलं असतं तरी समासातल्या पेन्सिलीवर ती एवढी भडकली नसती.

राहिला सत्तर वर्षांनंतरचा साक्षात्कार. १८८० च्या दशकात इंग्लंडमधले चाहते मेलव्हिलला पत्रं लिहीत होते. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, आर्थर स्टेडमनने ‘मोबी-डिक’सह त्याची चार पुस्तकं पुन्हा बाजारात आणली. १९१७ मध्ये कार्ल व्हॅन डोरेनने त्याच्याबद्दल लिहिलं, १९२१ मध्ये रेमंड वीव्हरने चरित्र काढलं, १९२३ मध्ये डी. एच. लॉरेन्सने निबंध लिहिले. मेलव्हिलच्या नातीकडच्या कागदांत वीव्हरला ‘बिली बड’ सापडली आणि ती १९२४ मध्ये छापून आली. यातले बहुतेक कोण? प्राध्यापक, संपादक, समीक्षक. ज्यांच्याकडे लक्ष देऊ नका म्हणतात ना, तीच जमात.

फॉरवर्डमधला दाढीवाला फोटो मात्र खरोखर मेलव्हिलचाच आहे. तेवढं मान्य.