मला काय, जो असेल तो

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

सोसायटीच्या ग्रुपवर काल मी एक फोटो टाकला होता. टेबलावर ओळीने काचेचे छोटे पेले, प्रत्येकात वेगळ्या रंगाचा चहा, पुढे नावाच्या चिठ्ठ्या. खाली लिहिलं होतं, येत्या रविवारी पुन्हा बसतोय, ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. त्यावर आज सकाळी एका गृहस्थांचं उत्तर: "दुपारी बायकांना कामं नसली की असली थेरं सुचतात. चहा म्हणजे दूध, साखर, आलं. बाकी सगळं गरम पाणी." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

याच ग्रुपवर मध्यंतरी व्हिस्की टेस्टिंगचे फोटो आले होते, घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा हॉटेलातले. ग्लास नाकाशी, डोळे मिटलेले. तेव्हा सगळ्यांनी "वा साहेब" केलं होतं. मीसुद्धा. पुरुषाने ग्लास हुंगला तर तो दर्दी आणि बाईने कप हुंगला तर ती रिकामटेकडी, हे कुठल्या हिशोबाने? आणि "कामं नसली की" म्हणजे काय? त्या टेबलाभोवती बसलेली प्रत्येक जण सकाळचे डबे करून, दुपारची भांडी आवरून आली होती.

आता फोटोतल्या त्या दुपारी काय झालं ते सांगते.

पाऊस लागून राहिला होता. बिल्डिंगमधल्या आम्ही पाच-सहा जणी आमच्या पाचपाखाडीच्या घरी जमलो. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश (वर्षाच्या पहिल्या तोडणीचा), सेकंड फ्लश (दुसऱ्या तोडणीचा), आसामचा अख्ख्या पानाचा, आपला रोजचा बारीक दाण्याचा सीटीसी, अर्ल ग्रे, जास्मिन, चीनचा लॅपसांग सूचाँग, आणि कुणी तरी भेट दिलेल्या आंबा फ्लेवरच्या टी-बॅग, एवढं मी काढून ठेवलं होतं. माझ्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) सवयीने ओट्याशी उभ्या. "किती कप टाकू गं?" मी म्हटलं, "आई, आज तुम्ही बसायचं." बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, कधीही उठायच्या तयारीत. समोरच्या काकूंनी सहज विचारलं, "तुम्हाला कसा आवडतो हो चहा?"

आई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मला काय, जो असेल तो."

लग्न होऊन या घरात आल्यापासून ही बाई चहा करतेय. सासऱ्यांचा दुधाळ आणि गोड, माझ्या नवऱ्याचा आलं ठेचून कडक, नणंदेचा बिनसाखरेचा, पाहुण्यांचा वेलची घालून. कुणाला किती उकळायचा हे त्यांच्या हाताला पाठ आहे. आणि स्वतः काय पितात, तर सगळ्यांचे कप भरून झाल्यावर पातेल्यात उरेल तो. बरेचदा निवलेला. हे फक्त आमच्या घरातलं नाही, तुम्हा सगळ्यांच्या घरात हेच आहे, मला पुरावे मागू नका.

तर आम्ही सुरू केलं. धंद्यातले लोक चहा चाखतात तेव्हा माप ठरलेलं असतं, 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, 6 मिनिटं. सगळ्यांना माप सारखं, वेळ सारखी, म्हणजे फरक दिसतो तो पानाचाच. आम्हीही केकसाठी आणलेला वजनकाटा काढला आणि काळ्या चहांना तेच लावलं. ग्रीन टीच्या पानावर मात्र उकळतं पाणी ओतायचं नाही, कडू होतो. जास्मिनचं पान बहुतेक ग्रीन टीचंच असतं, म्हणून त्याचं पाणी उतरवून 75-80 अंशांपर्यंत निवू दिलं आणि दोन-तीन मिनिटांतच गाळला. "ग्रीन टी कसला कडवट असतो" म्हणणाऱ्यांनी आधी पाणी निवून बघावं आणि मग बोलावं.

आईंनी पहिला पेला उचलला आणि सवयीने बशी शोधायला लागल्या. त्यांना बशीत ओतून प्यायची सवय, तेही फुर्रकन आवाज करून. यावरून घरातल्या किती जणांनी त्यांना टोकलंय! पाहुण्यांसमोर बशी नको, आवाज नको. आणि खरी गोष्ट अशी की चहाच्या लिलावासाठी चव घेणारे टी-टेस्टर चमच्यातून असाच मोठ्ठा फुरका मारतात. घोटाबरोबर हवा आत जाते, चहा सगळ्या जिभेवर पसरतो, वास घशातून नाकात चढतो. चवीतलं बरंचसं काम नाकच करतं. कोलकात्यात, गुवाहाटीत लोक याचा पगार घेतात आणि आमच्याकडे त्याच फुरक्याबद्दल एका म्हाताऱ्या बाईला गप्प बसवतात. मी बशी आणून दिली. म्हटलं, आई, जोरात.

मग जे झालं ते मी विसरूच शकत नाही. कुठला चहा कुठला ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, चिठ्ठ्या उलट्या होत्या. अर्ल ग्रेचा घोट घेतला आणि आई म्हणाल्या, "ईडलिंबाची साल नखाने खरवडली की असा वास येतो." अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल असतं. ते फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियात पिकतं. संगमेश्वरच्या बाजूला वाढलेल्या बाईने ते जन्मात पाहिलेलं नाही, पण साल आणि तेल दोन्ही बरोबर ओळखलं. लॅपसांगला म्हणाल्या, "हा धुरात वाळवलाय. काजूबिया भाजल्यावर हाताला राहतो ना, तसा वास." तो फुजियानच्या डोंगरात पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो पेला नाकाजवळ नेऊन तसाच खाली ठेवला. आईंनी संपवला.

जास्मिनचं तर विचारू नका. "मोगरा आहे, पण फूल कुठाय?" मी सांगितलं, फूल काढून टाकतात. दुपारी कळ्या तोडायच्या, रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या पानांत मिसळायच्या, सकाळी चाळून बाजूला, आणि चांगल्या प्रतीच्या चहाला हेच पुन्हा पुन्हा नव्या कळ्या घेऊन. त्यासाठी वापरतात ते फूल आपला मोगराच. आई म्हणाल्या, "मग मी डब्यात वेलचीची सालं टाकते ते काय वेगळं?"

काहीच वेगळं नाही. चहाचं पान शेजारचा वास पटकन ओढून घेतं. म्हणूनच आई चहाचा डबा हिंगाच्या डब्याशेजारी कधी ठेवू देत नाहीत. माझा मामेभाऊ वाशीच्या मसाला मार्केटमधून वेलची आणतो, तिचे दाणे गोडाधोडाला जातात आणि सालं चहाच्या डब्यात. हे कसब आमच्या स्वयंपाकघरात होतंच, त्याला कुणी टेस्टिंग म्हटलं नाही एवढंच.

आंब्याच्या टी-बॅगचा वास पाकीट फोडल्याफोडल्या हॉलभर. घोट घेतल्यावर काही नाही, जीभ कोरडी. आई म्हणाल्या, "हा आंबा पेटीत नाही पिकलेला, बाटलीत पिकलाय." फ्लेवर्ड चहाच्या नावाखाली असला माल दुकानात ढिगाने आहे, हे मला मान्य आहे. त्या गृहस्थांचं तेवढं एक म्हणणं धरून चालू. पाकिटावर फ्लेवरचं नाव छापावं लागतं, ते वाचा. आत फळाची किंवा फुलाची खरी साल-पाकळी आहे की नुसतं एसेन्स, हे एकदा चार पेले शेजारी ठेवून प्यायलात की जीभच सांगते. म्हणून तर शेजारी ठेवून प्यायचं. एकेकटा प्यायला की सगळंच बरं लागतं.

आता त्या "चहा म्हणजे दूध, साखर, आलं" वर येते, कारण लिहिता लिहिता परत संताप व्हायला लागलाय. जणू काही हे वेदात लिहिलंय! 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यावर ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा खटला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मिशनऱ्यांच्या हातचा म्हणून, हो, मला माहितेय. पण म्हणजे चहा तेव्हा साहेबाच्या आणि मिशनच्या टेबलावरची वस्तू होता, घराघरातला नव्हता. आणि ज्या बारीक दाण्याच्या कडक चहाला तुम्ही खरा चहा म्हणता ना, तो पान चिरडून, फाडून, वळवून गोळी करणारं सीटीसी मशीन आसामात 1930 च्या दशकात आलं. लवकर रंग सोडतो, दुधाला दाद देतो, स्वस्त पडतो, म्हणून घराघरात गेला. चांगलाच आहे. माझी सकाळ त्याच्याशिवाय होत नाही आणि गॅलरीतल्या कुंडीतली गवती चहाची दोन पाती गाठ मारून त्यात पडली नाहीत तर मला चुकल्यासारखं होतं. पण तोच एक चहा, आणि दुसरा पिणारा मूर्ख, हे कोण ठरवणार?

महाग आहे का? चांगला दार्जिलिंग महाग आहे, रोज परवडत नाही. बरं. पण सहा जणींनी वर्गणी काढून पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या आणल्या तर एका वेळच्या पिझ्झ्याएवढेच पैसे होतात.

सगळ्यात शेवटी दार्जिलिंगचे दोन पेले होते. फर्स्ट फ्लश मार्च-एप्रिलचा, फिकट, जरा हिरवट. सेकंड फ्लश मे-जूनचा, तांबूस, त्याला पिकल्या द्राक्षासारखा एक वास असतो. मी सांगत होते की या दिवसांत पानाला तुडतुडे लागतात, ते रस शोषतात, मग झाड स्वतःला वाचवायला काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि या वासात त्याचा मोठा हात असतो. आई एकदम ताठ बसल्या. "तुडतुडे? आमच्या आंब्याच्या मोहोरावरचे?" त्याच कुळातले, मी म्हटलं. "मेल्यांनी आमचा मोहोर काळा करून टाकला, बाबा रात्र-रात्र झोपायचे नाहीत. आणि तिकडे जाऊन चहा गोड केला?" आणि हसायला लागल्या. लहानपणच्या कलमांच्या बागेबद्दल मग अर्धा तास बोलत होत्या. इतक्या वर्षांत यातलं काही मी ऐकलेलं नव्हतं.

त्यांनी तो पेला परत मागितला. नवरा तेवढ्यात बाहेरून आला आणि म्हणाला, "आई, तुला दूध-साखरेशिवाय जाणार आहे का?" त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "हा मला आवडला. दूध नको याला. साखर अर्धा चमचा, बस."

तेव्हापासून दुपारी साडेतीनला सासऱ्यांचा गोड चहा आधी होतो, तो चुकत नाही, पण नंतर आई वेगळं पाणी ठेवतात. स्वतःसाठी. चार मिनिटं झाकून ठेवतात, घड्याळाकडे बघत. बशीत ओततात. त्या वेळात बेल वाजली तर आता त्या उठत नाहीत, सासरे उठतात. मला ते बघायला फार आवडतं. कुणाला हे थेर वाटत असेल तर वाटू दे.

तर रविवार पक्का आहे, दुपारी चार, आमच्याकडेच. ग्रुपवर लिहायला नको वाटत असेल तर मला मेसेज करा. घरात वर्षानुवर्षं चहा करणारी आई, सासू, आत्या, मावशी जी कुणी असेल तिला आणायचंच, एकट्या येऊ नका. येताना सेंट लावू नका आणि जेवणात कच्चा कांदा-लसूण टाळा, नाक बिघडतं. चिठ्ठ्या उलट्याच असतील. कामं सगळी मी आणि समोरच्या काकू करणार, पाहुण्यांनी ओट्याकडे फिरकायचं नाही. या वेळी काश्मिरी कहावा आणि कांगड्याचा ग्रीन टी ठेवतेय. निलगिरीच्या डोंगरातला चहा माझ्याकडचा संपलाय, कुणाकडे बऱ्यापैकी असेल तर पुडीत बांधून आणा, नुसता आणा, फ्लेवरचा नको.