एफ ११ने सगळा अंधार जात नाही
लेखात म्हटलंय की लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान केलं की फोटोच्या कडेचा अंधार जातो, पण तो अर्धाच जातो हो! लेन्सच्या नळीमुळे येणारा कमी होतो, कडेला तिरक्या पडणाऱ्या किरणांमुळे येणारा तसाच राहतो. एक्सपॅन या पॅनोरामा फिल्म कॅमेऱ्याची फ्रेम २४ × ६५ मिमी, ४५ मिमीच्या लेन्सला कोपऱ्यात हिशेबाने सव्वा स्टॉपच्या वर फटका (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). निगेटिव्ह फिल्मवर खपून जातं, स्लाइड फिल्मवर नाही. मी गंगापूर धरणावर भर दुपारी स्लाइड रोल टाकला तर मधे पांढरं आभाळ आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ 😅 तेव्हापासून सेंटर फिल्टर, मधे करडा आणि कडेला साफ काच, एक स्टॉप खातो म्हणून पहाटे रामकुंडावर ट्रायपॉड लागतोच, आणि छिद्र एफ ८ पेक्षा मोठं उघडलं तर त्याचाही उपयोग नाही. गोदाघाटाच्या पायऱ्यांना मात्र मी तो काढूनच ठेवतो, तिथे कडा काळवंडलेल्याच छान दिसतात.