‘छोट्या दुकानाला कोण हॅक करणार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बचत गटांच्या आणि घरगुती उद्योगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘वेबसाइटची सुरक्षा हे मोठ्या कंपन्यांचं काम. पाच-पन्नास ऑर्डरींच्या दुकानाकडे हॅकर ढुंकूनही बघत नाही. वरच्या पट्टीत कुलूप दिसतं ना, मग साइट सुरक्षित. गेटवेला (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीला) कमिशन देऊ नका. क्यूआर लावा, स्क्रीनशॉट मागवा, माल रवाना करा. कार्डवाल्यांचा नंबर स्वतःच्या फॉर्मवर घेऊन जपून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतो. आणि काही झालंच तर बँक पैसे भरून देते.’

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीचे दिवस आपल्याकडे खानदेशात ऑर्डरींचे. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया, यावल-रावेरकडचे केळीचे वेफर्स, नंदुरबारच्या मिरचीची पूड, सगळं पुण्या-मुंबईला आणि सुरतेला गेलेल्या आपल्या माणसांकडे कुरियरने जातं. उन्हात उभं राहून वाळवणं घालणाऱ्या बाईची महिन्याची कमाई दोन खोट्या ऑर्डरींत जाऊ शकते. म्हणून या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, हॅकर छोट्यांकडे बघत नाही. खरं तर तो कोणाकडेच बघत नाही. त्याचा प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटभर फिरतो आणि जुनं सॉफ्टवेअर जिथे सापडेल तिथे शिरतो. दुकान अमळनेरचं की अमेरिकेतलं, उलाढाल किती, हे तो विचारत नाही. मॅजेंटो १ या ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरचे अपडेट जून २०२० अखेर बंद झाले. सप्टेंबरात अवघ्या काही दिवसांत जगभरातली सुमारे दोन हजार दुकानं एकाच पद्धतीने फोडली गेली आणि त्यांच्या पेमेंटच्या पानात कार्ड नंबर चोरणारा कोड घुसवला गेला. त्यातली बहुतेक या जुन्या मॅजेंटोवरच चालत होती. २०२३ मध्ये ‘वूकॉमर्स पेमेंट्स’ या प्लगइनमधली (साइटला जोडायच्या तयार प्रोग्रॅममधली) गंभीर त्रुटी मार्चमध्ये दुरुस्त झाली होती, तरी जुलैमध्ये अपडेट न केलेल्या साइटवर घाऊक हल्ले झाले. दुरुस्ती चार महिने आधीपासून फुकट मिळत होती.

आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे, असं काही जण विचारतात. ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत. ‘तुमचं पापडाचं पार्सल अडकलंय, या लिंकवर पाच रुपये भरा’ असा फोन नेमक्या ऑर्डरीच्या तपशिलासह आला, तर ग्राहक विश्वास ठेवणारच. दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे: चोरलेली कार्डं चालतात का, हे तपासायला चोर छोटी दुकानं वापरतात. भारतातल्या कार्डाला ओटीपी लागतो, परदेशी कार्डाला तो बहुतेकदा लागत नाही. अमेरिकेतल्या मुलांसाठी म्हणून आपण आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू ठेवतो, आणि एखाद्या रात्री त्याच दारातून शेकडो छोटे व्यवहार होतात. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, रक्कम परत जाते आणि वर दंडाची फी दुकानदाराच्या माथी बसते. परदेशातून ऑर्डरी येत नसतील तर ही सोय बंदच ठेवा.

कुलपाचा मुद्दा लवकर संपतो. ते चिन्ह एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइट कोणाची, आत माहिती कशी ठेवली आहे, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्यामुळे बनावट साइटवरही ते असतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून टाकलं.

आता सगळ्यात घातक ओळ: स्क्रीनशॉट मागवा, माल रवाना करा. स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नाही. तो फोनवर मिनिटभरात बदलता येतो. हुबेहूब पेमेंटसारखा पडदा दाखवणारी, टिंग असा आवाज करणारी बनावट अ‍ॅपही आहेत. ‘खात्यात जमा’ असा एसएमएससुद्धा कोणीही टाइप करून आपल्या नंबरवरून पाठवू शकतो. पुरावा एकच, तुमच्या स्वतःच्या बँकेच्या किंवा यूपीआय अ‍ॅपमधली नोंद. ग्राहकाने दिलेला बारा अंकी व्यवहार क्रमांक तिथल्या नोंदीशी आणि रकमेशी जुळवा, मगच डबा बांधा. ‘चुकून जास्त पाठवले, ताई, उरलेले परत करा’ असं कोणी म्हटलं तरी आधी तेच तपासा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार आहेत.

वेबसाइटवरही हाच घोटाळा दुसऱ्या रूपात होतो, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त महाग पडतो. पैसे भरल्यावर ग्राहक ‘पेमेंट यशस्वी’ असं पान बघतो. ते पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडतं, पत्ता माहीत असेल तर पैसे न भरताही उघडता येतं. साइट त्या पानावर विसंबून ऑर्डर ‘पेड’ करत असेल, तर ती ग्राहकाच्या तोंडी शब्दावरच माल देते आहे. गेटवेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला (साइट जिथून चालते त्या संगणकाला) थेट निरोप द्यायला हवा, त्याला वेबहूक म्हणतात. त्या निरोपावर गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. सही, ऑर्डर क्रमांक आणि रक्कम तिन्ही जुळल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, तेव्हा पार्सल दोनदा निघू नये हेही बघावं लागतं.

रकमेचंही तसंच. काही घरगुती फॉर्ममध्ये किंमत ब्राउझरकडून येते. थोडं जाणणारा माणूस चारशेचा डबा चार रुपयांचा करतो, पेमेंट खरोखर यशस्वी होतं आणि पापड निघून जातात. किंमत नेहमी सर्व्हरवरच्या तुमच्या दरपत्रकातूनच घेतली पाहिजे. ज्याने साइट बनवली त्या भाऊला हे दोन प्रश्न आजच विचारा: ऑर्डर ‘पेड’ कशावरून होते, आणि रक्कम कुठून येते? उत्तरात चाचपडला, तर दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक ऑर्डर बँकेच्या नोंदीशी हाताने जुळवा.

कमिशनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. दिवसाला चार ऑर्डरी असतील तर क्यूआर आणि नोंद तपासणं पुरेसं आहे, गेटवे लागतोच असं नाही. पण बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून कापलं जाणारं बँकेचं कमिशन) शून्य आहे, गेटवेवाले घेतात ती त्यांची स्वतःची फी. ती किती, हे विचारून घ्या.

कार्ड नंबर ‘जपून ठेवा’ हा सल्ला तर सरळ नियमाविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क (व्हिसा, रुपे वगैरे) सोडून कोणालाही कार्डाचा पूर्ण तपशील साठवता येत नाही. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव ठेवता येतं, बस. कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने ठेवायचाच नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी कार्डाचा फोटो पाठवला तर तो पुसून टाका आणि ग्राहकालाही तसं सांगा. कार्ड घ्यायचंच असेल तर ग्राहक गेटवेच्या पानावर जाऊन नंबर भरेल अशी सोय करा. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही. तरीही आपल्या साइटमध्ये शिरलेला चोर ग्राहकाला खोट्या पानाकडे वळवू शकतो, म्हणून अपडेट, वेगळा मजबूत पासवर्ड आणि लॉगिनला दुसरा कोड हवाच. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) यांचं खातं साइट बनवणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या नावावर हवं.

राहिली बँक. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेला नियम ग्राहकाला संरक्षण देतो, पण परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी. चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली, तर तुमच्यावर भार नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचंच. आणि खोट्या स्क्रीनशॉटवर माल पाठवला असेल तर मुळात व्यवहारच झालेला नाही. बँक परत काय करणार? खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात.

हा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेला आहे तिथे हे उत्तर टाका. सगळं टाकायला कोणाला लांब वाटलं, तर निदान स्क्रीनशॉटचा परिच्छेद तरी आखाजीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी पाठवा.