औषध चालू आहे, पण संध्याकाळचं काय?

तुमच्या लेखात अल्झायमर या विसरण्याच्या आजारावरच्या गोळ्यांची माहिती चांगली दिली आहे, पण घरातल्यांनी दिवस कसा काढायचा ते राहून गेलंय, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांना हाच आजार आहे. डोनेपेझिल ही गोळी चालू आहे. ती मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं रसायन, टिकवून धरते, थोडा आधार देते. आजार मात्र थांबत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं ते बरं झालं. त्याआधी बी-१२ आणि थायरॉईड तपासले होते. ते प्रत्येकाने तपासून घ्याच, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर उपाय असतो.

आमची खरी परीक्षा दिवेलागणीला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या अस्वस्थ होतात, "पाणी आलंय, पोरांना वर घ्या" म्हणतात. १९६१ साली पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, त्यात त्यांचा शनिवार पेठेतला वाडा गेला. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तो पूर मात्र लख्ख आठवतो. सुरुवातीला मी "आई, पूर कधीच ओसरला" म्हणून समजावत बसायची. त्या आणखी घाबरायच्या, मग आम्ही दोघी रडायचो. आता मी हात धरते, "सगळे वर आलेत, आई, मोजले मी" म्हणते. पाच वाजताच सगळे दिवे लावते, गवार निवडायला देते. बोटांना ते काम अजून येतं.

माझ्या नवऱ्याला हे खोटं बोलणं वाटायचं. मला नाही वाटत. त्यांची भीती तर खरीच असते ना?